आधी आपण पडावं

पुण्यात संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला कुठल्याही नावाजलेल्या क्लासबाहेर उभं राहून बघावं. दुचाक्यांची ही मोठी रांग लागलेली असते आणि त्या चालवत आणणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना अजून मिसरूडही फुटलेलं नसतं. चौदा-पंधरा वर्षांची मुलं-मुली, पाठीला सॅक, मागे एक मैत्रीण, डोकं उघडं. आईबापांना विचारलं तर उत्तर तयार असतं. "काय करणार हो, दोघांच्या नोकऱ्या, दिवसाला दोन क्लास, आणि रिक्षावाले जवळचं भाडं घेत नाहीत." याच आईबापांना मी सांगते, की माझ्या दहा वर्षांच्या मुलीला मी मातीतली मोटरसायकल चालवायला नेते आणि तिच्याबरोबर स्वतःही शिकते. मग त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. "अगं, हातपाय मोडून घेशील या वयात! आणि पोरीला कशाला नेतेस?"

डर्ट बायकिंग मुलाबरोबर सुरू करावं का, या प्रश्नाला माझं उत्तर हो असं आहे. पण त्याला एक अट आहे आणि ती बहुतेक हौशी पालकांना आवडत नाही. आधी आपण शिकायचं. मुलाला गाडी घेऊन देऊन कडेला खुर्ची टाकून बसायचं असेल तर गाडी घेऊच नये.

अटीकडे येण्याआधी त्या रांगेचा हिशेब करू. 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांतली 44.5 टक्के दुचाकीवर होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांचा सरकारी आकडा 50,029 आहे. कायदा म्हणाल तर अठराच्या आत गियरची गाडी नाही. सोळा पूर्ण झालेल्यांना 50 सीसीपर्यंतची बिनगियरची चालते, आणि पेट्रोलवरची तेवढी लहान गाडी आता शोरूममध्ये जवळजवळ मिळत नाही. 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 199अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन नाही. इतकं असूनही रांग हलत नाही, कारण ती 'सोय' या खात्यावर जमा आहे. आपल्याकडे सोयीसाठी पत्करलेला धोका कुणी धोक्यात धरत नाही. आनंदासाठी पत्करलेला मात्र पैन्पै मोजला जातो.

यामागे जुनी सवय आहे. दुचाकीने या शहराचं जेवढं भलं केलं तेवढं क्वचितच दुसऱ्या कुठल्या यंत्राने केलं असेल. आकुर्डीच्या बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना दोन्ही 1972च्या. 1984 साली कायनेटिक होंडा आली आणि बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीवर बायका बँकेत, शाळेत, मंडईत जाऊ लागल्या. किक मारायला पुरुषाची वाट बघणं संपलं. पण या सगळ्या गाड्या कामाच्या होत्या. कामाशिवाय गाडी काढली की "पेट्रोल काय फुकट येतं का?" हे वाक्य घरोघरी ठरलेलं. गाडीशी खेळायचं, ती मुद्दाम खडबडीत जागी न्यायची, पाडायची, उचलायची, पुन्हा न्यायची, याला आपल्या घरगुती हिशेबात रकानाच नाही. वास्तविक हा खेळ इथे परका नाही. पुण्या-नाशकात मातीतल्या सुपरक्रॉसच्या राष्ट्रीय शर्यती होत आल्या आहेत, आणि 2024च्या जानेवारीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिलीच फेरी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. प्रेक्षक भरपूर होते. घरी जाताना आपणही शिकावं असं त्यांतल्या किती आईबापांच्या मनात आलं असेल, याची मला शंका आहे. शिकायचं ते मुलाने आणि आपण व्हिडिओ काढायचा, ही आपली वाटणी ठरलेली.

मातीत गाडी चालवणं म्हणजे डांबरावरचंच चालवणं थोडं अवघड करून, असा समज घेऊन मोठी माणसं येतात आणि पहिल्याच वळणावर आडवी होतात. डांबरावर आपण बसून असतो आणि हातांनी गाडी वळवतो. मुरमावर पुढचं चाक सतत थोडं थोडं सरकत असतं. ते सरकू द्यायचं असतं. हात सैल, कोपर बाहेर, गुडघ्यांनी टाकी धरलेली, वजन फूटपेगवर, आणि नजर चाकापुढे नाही तर पंधरा-वीस पावलं पुढे. वीस वर्षं स्कूटर चालवलेल्या माणसाचं शरीर याच्या अगदी उलट वागतं. चाक सरकलं की मूठ आवळते, आवळलेल्या मुठीने ॲक्सिलरेटर आणखी पिळला जातो, मग घाबरून पुढचा ब्रेक दाबला जातो, आणि पाय आपोआप खाली येतो. हा खाली आलेला पाय सगळ्यात वाईट. गाडी पुढे जाते, पाऊल खाली अडकून राहतं आणि घोटा पिळवटतो. म्हणून या खेळात हेल्मेटखालोखाल महत्त्वाचे ते बूट, गुडघ्याखालपर्यंत येणारे, बकलांचे, कडक. पहिल्यांदा घातले की गियर सापडत नाही. ते घालून चालणारा माणूस हास्यास्पद दिसतो आणि मुलं मनसोक्त हसून घेतात.

दहा वर्षांच्या मुलाला यातलं काही विसरावं लागत नाही. त्याचा तोल सायकलीवर घडलेला असतो आणि शरीर हलकं असतं. आम्ही ज्या रानात शिकतो तिथे आमच्याबरोबर बँकेत नोकरीला असलेले एक गृहस्थ येत, पन्नाशीला टेकलेले, सोबत नऊ वर्षांचा मुलगा. एका उतारावर एकच एक दगड होता आणि ते दर वेळी नेमके त्या दगडावर जात. बाजूला दहा फूट मोकळी जमीन. प्रशिक्षक काही बोलायच्या आत मुलगा म्हणाला, "बाबा, तू दगडाकडे बघतोयस. दगडाच्या शेजारी बघ ना." त्याचं निदान अचूक होतं. नजर जाते तिथे गाडी जाते, हे या खेळाचं पहिलं सूत्र. बाबांनी पोराचं ऐकलं आणि ते उतरले. आपल्याकडे किती घरांत मुलगा बापाला एखादी गोष्ट अशी सरळ सांगू शकतो आणि बाप ती तिथल्या तिथे अमलात आणतो? मोबाइलची सेटिंग सोडून दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

इथे एक मोह टाळायला हवा. डर्ट बायकिंगचे समर्थक लगेच सांगतात की मातीत शिकलेला मुलगा पुढे रस्त्यावर सुरक्षित राहतो. ऐकायला गोड आहे, पण माझा त्यावर विश्वास नाही. नॉर्वेत 1980च्या दशकात नव्या मोटारचालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरायचं खास प्रशिक्षण दिलं जात होतं. अभ्यास झाला तेव्हा तरुण पुरुषांचे अपघात कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. घसरलेली गाडी आपण सावरू शकतो असं वाटायला लागलं की माणूस ती घसरेल अशी चालवतो. मातीतला सराव रस्त्यावर उपयोगी पडतही असेल, पण त्याच्याबरोबर येणारा माज त्याहून लवकर पोचतो. तेव्हा रस्ता-सुरक्षेच्या नावाखाली हा खेळ विकणं मला अप्रामाणिक वाटतं. 'अभ्यासात एकाग्रता वाढते' हेही त्याच दुकानातलं.

मग उरतं काय? सायकल का नको, ट्रेकिंग का नको, असा प्रश्न कुणीही विचारेल, आणि सायकल आधी हवीच. ज्या मुलाला सायकलीवर उभं राहून खडबडीत उतार उतरता येत नाही त्याला इंजिन देऊ नये. पण सायकल तुमच्या दमाएवढीच पळते. इंजिनाला तुमचा दम ठाऊक नसतो. मनगट अर्धा इंच वळलं की अंगात नसलेली ताकद मागच्या चाकात उतरते. ही न कमावलेली ताकद हातात आली की तिचं काय करायचं, हे मुलाला कुणी सांगून शिकवू शकत नाही, आणि ती मूठ दुसऱ्या कुणाला त्याच्या वतीने धरताही येत नाही. पालकाची पंचाईत नेमकी इथे होते. शाळा, क्लास, पोहणं, तबला, सगळीकडे आपण फी भरून, ने-आण करून, टाळ्या वाजवून निभावून नेतो. इथे पालकाच्या अज्ञानाची किंमत मुलाच्या मनगटाला मोजावी लागते.

हे हवेतलं वाटू नये म्हणून एका स्क्रूबद्दल सांगते. लहान मुलांच्या गाड्यांच्या मुठीपाशी एक स्क्रू असतो. यामाहाची पीडब्ल्यू 50 ही 1980च्या दशकाच्या सुरुवातीपासून जगभर मुलांनी चालवलेली गाडी, तिला तो आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या कावासाकी केएलएक्स 110लाही आहे. स्क्रू आत फिरवला की ॲक्सिलरेटर एका मर्यादेपलीकडे वळतच नाही. सैल केला की थोडा आणखी वळतो. मुलाची गाडी किती पळेल हे त्या स्क्रूवर ठरतं, आणि पाना पालकाच्या हातात असतो. मूल दर वेळी मागणार, "आई, अजून एक आटा." किती द्यायचा? ज्याने स्वतः मुरमावर दुसऱ्या गियरमध्ये चाक सटकताना पोटात आलेला गोळा अनुभवलेला नाही, तो दोन प्रकारे चुकतो. एक तर भीतीने स्क्रू आत पिळून ठेवतो, आणि मग गाडी चढावर मध्येच दम टाकते, मूल मागे घसरतं, ते जास्त धोक्याचं. नाही तर "आमचा पोरगा वाघ आहे" म्हणत पूर्ण मोकळा करतो. आकडे वाचून हे ठरत नाही. समोरचा चढ आपण चढलेलो असू तर ठरतं. त्यामुळे माझ्या मते मुलाच्या आधी निदान एक हंगाम आपण शिकावं, ऑक्टोबर ते फेब्रुवारी, जमिनीत ओल असते तोवर. पावसात काळ्या मातीचे गोळे चाकाला बसून गाडी जागेवर रुतते, आणि मे महिन्यात फुफाट्यात पुढचं दिसत नाही.

दुसरी गोष्ट, दोघांनी एकाच वेळी गाडी चालवायची नाही. निदान पहिली दोन वर्षं. एकाने चालवायचं, दुसऱ्याने उभं राहायचं. बापलेक खांद्याला खांदा लावून धूळ उडवत निघाले आहेत, हे चित्र जाहिरातीला छान आहे. प्रत्यक्षात पुढच्याला मागचा पडलेला दिसत नाही, मागच्याला धुळीत पुढचा दिसत नाही, आणि आपला मुलगा येतोय का हे बघायला मान वळवलेला बाप हमखास झुडपात जातो. उभं राहणाऱ्याने करायचं काय? बघायचं. कोपर खाली आलं का, दमला का, पाणी कधी प्यायला. पडला तर आधी इंजिन बंद, मग मूल. मोबाइलला रेंज कुठे येते आणि हाडांचा डॉक्टर असलेला जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे, हे आधीच माहीत हवं. आणि आई किंवा बाप चालवत असताना हेच काम मुलाने करायचं. माझी मुलगी हे काम माझ्यापेक्षा गंभीरपणे करते, हे मला तिच्या ओरडण्यावरून कळतं.

पडणं हा अपवाद नाही, तो रोजचा भाग आहे. मोठ्यांसाठी सगळ्यात सहज मिळणारी गाडी म्हणजे हिरोची एक्सपल्स 200, वजन दीडशे किलोच्या वर. तीन वेळा उचलली की दुपार संपली. उचलायचीही पद्धत आहे. गाडीकडे पाठ करायची, एका हाताने हँडल, दुसऱ्याने सीटखालची चौकट धरायची, उकिडवं बसायचं आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोरावर उलट्या पावलांनी मागे रेटत न्यायचं. कंबर वाकवून उचलायला जाणारे पुरुष दुसऱ्या दिवशी ऑफिसला जात नाहीत. मुलीसमोर आईने गाडी अशी उचलली की तिला शक्तीबद्दल काही वेगळं कळतं, असं मला वाटतं. अजूनही त्या रानात पहिल्यांदा आलेली माणसं मला विचारतात, "मिस्टर आहेत का बरोबर? गाडी ते चालवणार ना?" 2019 साली बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्सेने एफआयएम या मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या बाहा विश्वचषकात महिलांचं विजेतेपद मिळवलं, तरी हा प्रश्न संपलेला नाही.

आता धोका, पुरता. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं मत असं आहे, की सोळाच्या आतल्या मुलांसाठी रस्त्याबाहेरची इंजिनाची वाहनं विशेष धोकादायक आहेत. मी हे मत बाजूला सारत नाही. मुलांच्या हाडांच्या टोकाशी वाढीचा कूर्चेचा थर असतो, तो आजूबाजूच्या अस्थिबंधांहून कमकुवत. मोठ्यांचं जिथे मुरगळण्यावर भागतं तिथे मुलाचं हाड दुखावू शकतं. मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड आणि मान बारीक, त्यामुळे मोठ्यांचं हेल्मेट आत स्पंज कोंबून घालणं म्हणजे मानेवर ओझं टाकणं. छातीचं कवच, कोपर-गुडघ्याची कवचं, गॉगल, हातमोजे, सगळं त्याच्या मापाचं हवं, आणि दर वर्षी माप बदलतं. हे सगळं घालूनही मनगट किंवा गळपट्टीचं हाड मोडू शकतं. ज्या पालकाला हे ऐकूनच नको वाटतं त्याने नाही म्हणावं. त्या नकाराला मी भित्रेपणा म्हणणार नाही. माझा वाद आहे तो क्लासला जायला स्कूटर देऊन वर मला शहाणपण शिकवणाऱ्यांशी.

पण मोडलेल्या हाडापेक्षा मला धास्ती वाटते ती कडेला उभ्या असलेल्या बापाची. शर्यतींच्या ठिकाणी हा माणूस ओळखू येतो. त्याच्या अंगात संघाचा टी-शर्ट असतो, हातात स्टॉपवॉच असतं, आणि तो स्वतः कधी गाडीवर बसलेला नसतो. मुलगा उडीआधी वेग कमी करतो तेव्हा हा ओरडतो, "सोडू नको, पीळ, पीळ!" त्याला त्या उडीच्या टोकावरून पलीकडचं काही दिसत नसतं हे ठाऊकच नाही, कारण तो तिथे कधी गेलेला नाही. राग काढायला मी काही खलनायक उभा करत नाही. क्रिकेटच्या मैदानाच्या कुंपणाबाहेर तो शेकड्याने सापडेल. फरक एवढाच, की तिथे मुलगा बाद होतो. ऑगस्ट 2023मध्ये चेन्नईच्या रेसट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेत बंगळूरचा तेरा वर्षांचा एक मुलगा पडून मेला. ती डांबरावरची शर्यत होती, मातीतली नाही, आणि त्यात कुणा पालकाचा दोष होता असं मी सुचवत नाही. पण तेराव्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा कशाला, हा प्रश्न त्या दिवशी आपण विचारायला हवा होता, आणि तो दोन दिवसांत विरला. 2015 साली डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष 2021च्या डकारमध्ये असा पडला की त्याला औषधं देऊन कोमात ठेवावं लागलं. तो बरा झाला. संतोष त्या वेळी जाणता होता, स्वतःच्या जिवाचा सौदा स्वतः करत होता. दहा वर्षांच्या मुलाचा सौदा दुसरं कुणी तरी करतं. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत शर्यत नको, घड्याळ नको, उडी तर अजिबात नको. आणि पुढे मुलाला शर्यत हवीच असेल, तर ज्याने स्वतः ती उडी मारलेली नाही त्याने निदान तोंड बंद ठेवावं.

चालवायचं कुठे, हा प्रश्न मोठी माणसं फार हलक्यात घेतात. शहराबाहेर पडलं की माळ दिसतो, कुंपण नाही, पीक नाही, माणूस नाही. मोकळी जागा! पण महाराष्ट्रात मोकळी जागा अशी चीज जवळपास नाहीच. तो माळ गायरान असतो, वनखात्याचा असतो, किंवा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतो. आणि कागद सोडले तरी तो रिकामा नसतोच. सरकारदरबारी अशा माळांना पिढ्यानपिढ्या पडीक म्हटलं गेलं, पण लांडगा, चिंकारा, धाविक, चंडोल यांचं सगळं आयुष्य त्या पडीक जमिनीवर चालतं. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य अशाच माळावर चिंकाऱ्यांसाठी राखलेलं आहे. टिटवी तर उघड्या जमिनीवर चार खडे रचून अंडी घालते, अंडीही खड्यांसारखीच. गाडीवरून ती दिसणं शक्य नाही. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून कलकलाट करायला लागली की इंजिन बंद करून आल्या वाटेने गाडी ढकलत न्यायची, हे मुलाला पहिल्या दिवशी शिकवावं. कास पठाराचं सगळ्यांना ठाऊक आहे, 2012पासून ते जागतिक वारशात आहे, तिथे गाडी घालायची दुर्बुद्धी सहसा कुणाला होत नाही. पण कोकणातल्या सड्यांवर होते. रत्नागिरी-राजापूरकडच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, त्यांतली अनेक पायाखाली आली तरी कळत नाहीत. खरबरीत टायरला तर नाहीच कळत. आणि पुण्याच्या टेकड्या चालणाऱ्यांच्या आणि पाखरांच्या आहेत. तिथे मोटरसायकल नेणाऱ्याला माझी सहानुभूती शून्य.

तेव्हा रीतसर ट्रॅक शोधावा. संतोषने कर्नाटकात कोलारजवळ बिगरॉक नावाचा ट्रॅक उभारला, तिथे शिकायची सोय आहे. आपल्याकडेही शिकवणारे आहेत. नाही तर ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून, भाडं ठरवून, पीक निघालेलं रान घ्यावं. मातीतल्या खऱ्या गाड्यांना नंबर नसतो, त्या सार्वजनिक रस्त्यावर एक फूटही चालवता येत नाहीत. मग छोटा हत्ती ठरवा, गाडी पट्ट्यांनी बांधा, पहाटे निघा. आम्हाला ज्यांनी जागा दिली त्या आजोबांनी भाड्याआधी एकच विचारलं, "ताई, आवाज किती हुतो? म्हशी बिचकत्यात." धारेची वेळ टाळायची आणि विहिरीकडच्या बाजूला जायचं नाही, असं ठरलं. मुलगी शेजारी उभी राहून हे सगळं ऐकत होती. आईने परवानगी मागितली, अटी मान्य केल्या, पैसे मोजले, हे तिने पाहिलं. क्लासबाहेरच्या रांगेतल्या मुलांना घरून शिकवण मिळते ती उलटी, की पोलीस दिसला तर गल्लीतून घे.

आवाजाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मोकळ्या सायलेन्सरची टू-स्ट्रोक गाडी दोन शेतं पलीकडे ऐकू जाते. विजेवरच्या गाड्यांनी तो बराच मिटेल. हिरोच्या विदा या विजेवरच्या गाड्यांच्या विभागाने मुलांसाठी तशी गाडी दाखवली, आणि मोठ्यांच्याही येत आहेत. जुनी मंडळी म्हणतील की ऑइलचा वास नाही तर मजा काय. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलला ऑइल मोजून घालावं लागतं, 32ला 1 असं प्रमाण असेल तर लिटरला साधारण 31 मिलिलिटर. हा हिशेब मुलगी औषधाच्या मापाने करते आणि सांडत नाही. तिला तो वास आवडतो. म्हशींना नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. मुलांच्या परदेशी बनावटीच्या चांगल्या गाड्या तीन लाखांच्या घरात जातात, एक्सपल्स दीड लाखाच्या आसपास. बाजारात पन्नासेक हजाराला मिळणाऱ्या, दोरी ओढून सुरू करायच्या 49 सीसीच्या गाड्या दिसतात. त्यांची वेल्डिंग आणि ब्रेक बघूनच मी मागे फिरले. पैसे कमी असतील तर जुनी गाडी घ्यावी, पण बूट आणि हेल्मेट नवं. धुळीत चालवल्यावर एअर फिल्टरचा स्पंज दर वेळी धुऊन, वाळवून, ऑइल लावून बसवावा लागतो, तो खर्चाचा नाही, आळसाचा प्रश्न आहे.

म्हणजे हा खाऊनपिऊन सुखी माणसांचा खेळ आहे, हे कबूल. त्याच आजोबांचा बारा वर्षांचा नातू सकाळी दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लावून स्प्लेंडर डेअरीवर नेतो. बांध, नाला, चिखल, आम्ही पट्ट्या-बकलं आवळून ज्यावर धडपडतो ते सगळं तो चपलांवर, गाणी ऐकत पार करतो. आमच्याकडे बघून त्याला हसू येत असणार. त्याचं चालवणं काम आहे म्हणून कुणी त्याला बूट देत नाही आणि कुणी अडवतही नाही. शहरात जी चूक सोय म्हणून खपते ती गावात गरज म्हणून खपते, आणि गावातली गरज निदान खरी असते. एकदा माझ्या मुलीने तिचं जुनं हेल्मेट त्याला देऊ का विचारलं. त्याला ते घट्ट झालं. मग आम्ही त्याच्या मापाचं नेलं. तो ते घालतो की नाही हे आजोबा सांगत नाहीत.

शेवटी मुलाला हे आवडलंच नाही तर? बऱ्याचदा असंच होतं. पहिल्या हंगामात झपाटल्यासारखं येणारं मूल दुसऱ्या वर्षी चित्रकलेकडे वळतं, किंवा एका पडण्यानंतर नुसतंच नको म्हणतं. ज्या बापाने लाखांचं यंत्र फक्त पोरासाठी घेतलं, त्याला या नकाराचा राग येतो, आणि तो "घेतलंय तर चालव" म्हणून मुलाला पुन्हा गाडीवर बसवतो. नको असताना गाडीवर बसलेल्या मुलाइतकं धोकादायक या खेळात दुसरं काही नाही. पालक स्वतः शिकणारा असेल तर त्याला एवढी चीड येण्याचं कारण उरत नाही, कारण त्याचा रविवार मुलाच्या हौसेवर अवलंबून नसतो. लहान गाड्यांना गिऱ्हाईक मिळतं. मुलं उंच होतात, दर दोन वर्षांनी कुणाला तरी पुढचं माप हवं असतं. ती विकावी, हिशेब मिटवावा, आणि आपण आपली गाडी छोट्या हत्तीवर चढवावी.